लग्नाआधीचं नाव

करुणा गेल्याचं कळलं तेव्हा मी बुधवार पेठेत मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात उभी होते. हे भांडं आता दुरुस्त होण्यासारखं नाही असं दुकानदार मला सांगत होता, आणि तुम्हाला करायचं नाही असं स्पष्ट म्हणा की, असं मी त्याला सुनावत होते. तेवढ्यात फोन वाजला. विलासरावांचा, म्हणजे करुणाच्या यजमानांचा. ते मला आपणहून कधी फोन करत नाहीत. "नीलाताई, करुणा गेली हो," एवढंच म्हणाले. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, कुठल्याशा बातमीवर नेहमीसारखी चिडली आणि बसल्या खुर्चीतच... मी "बरं" म्हणाले. असल्या बातमीला कुणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेच आलं. दुकानदाराने माझ्या हातातून भांडं अलगद काढून घेतलं आणि म्हणाला, "असू द्या बाई, बघतो मी काय होतंय ते." पुण्यातला दुकानदार असं बोलला, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना करा.

डॉ. करुणा ओव्हाळ. लोणी काळभोरच्या बाजूला एक मोठं आरोग्य विद्यापीठ आहे, त्याच्या रुग्णालयात ती बरीच वर्षं रक्तपेढीची प्रमुख होती. मी त्याच आवारात दंत महाविद्यालयात शिकवत असे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचंय ते वाचल्यावर लक्षात येईल. तिच्या अंत्यविधीला बुद्धवंदना चालली होती आणि मी मागे उभी राहून तिच्या चपलांकडे बघत होते, कुणीतरी त्या घरातून चुकून पायात घालून आणल्या होत्या. मग महाविद्यालयात शोकसभा झाली. एक तरुण डॉक्टर कळवळून म्हणाला, "मॅडमनी आपल्याला डिजिटल केलं." मला रडायचं सोडून हसू यायला लागलं. जिला शेवटपर्यंत मोबाइलवर फोटो काढता येत नव्हता, प्रत्येक फोटोत निम्मा अंगठा, ती म्हणे आम्हाला डिजिटल करून गेली. तिने काय केलं ते त्या पोराला ठाऊक नव्हतं. केलेलं स्वतःच्या हाताने उलटं कसं फिरवलं, ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. आमचं दंत महाविद्यालय आणि त्यांचं रुग्णालय यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक कडुनिंब, बस. पण कारभार दोन वेगळ्या देशांचा. उरुळीचे एक आजोबा आमच्याकडे दाढ काढायला आले. औषधं काय घेता विचारलं तर म्हणाले, बीपीची एक गोळी. दाढ काढली आणि रक्त थांबेचना. मग कळलं, समोरच्याच रुग्णालयातल्या हृदयरोग विभागाने त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू केली होती. स्ट्रेचरवरून रस्ता ओलांडून त्यांना पलीकडे नेलं. तिथे रक्तपेढीतून एक ठेंगणी, कुरळ्या केसांची बाई प्लाझ्माच्या पिशव्या घेऊन आली आणि पहिलं वाक्य काय, तर "यांचा इथला केसपेपर बघितला नाहीत?" मी म्हटलं, "तुमचा पेपर तुमच्याकडे असतो, आमच्याकडे आमचा." ती म्हणाली, "अस्सं. म्हणजे तोंड तुमच्याकडचं आणि हृदय आमच्याकडचं." मला मिरच्या झोंबल्या. शनिवार पेठेत जन्म गेला, टोमणे मारायचा मक्ता आमच्याकडे आहे असं वाटत होतं मला. आजोबा बरे झाले, टुणटुणीत होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बसमध्ये ती पुलगेटला चढली, माझ्या शेजारची जागा रिकामी होती, बसली आणि पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढून म्हणाली, "दंतवैद्याला चिक्की दिली तर राग येतो का हो?" तिथपासून ती जागा तिची झाली, आणि "अहो"चं "अगं" व्हायलाही फार दिवस लागले नाहीत.

त्या काळात आमच्याकडे प्रत्येक महाविद्यालयाचा संगणक वेगळा, नोंदणीचा नंबर वेगळा. मेडिकलचा एक, आमचा एक, आयुर्वेदाचा एक, फिजिओथेरपीचा एक, आणि प्रयोगशाळा आपल्या मनाची राणी. गुडघे दुखणारी बाई पाच इमारती फिरली की पाच बायका होऊन बाहेर पडायची. मग वरून हुकूम आला की सगळं एकत्र करा. समिती नेमली गेली, करुणा अध्यक्ष, आणि दंतवाल्यांच्या वतीने मी. मी बैठकांना उपम्यासाठी जाते असं ती सगळ्यांना सांगायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. काय एकेक भांडणं व्हायची तिथे! आयुर्वेदाचे वैद्य म्हणायचे, रुग्णाची प्रकृती वात-पित्त-कफ पहिल्याच रकान्यात हवी. आम्हाला बत्तीस दातांचा नकाशा हवा. आणि सगळ्यात मोठा वाद, नंबर कुणाचा राहणार? कुणीच आपला नंबर सोडायला तयार नाही. करुणा शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "लग्नात बायको आख्खं नाव सोडते, आणि तुम्हाला एक आकडा सुटत नाही." पुरुषमंडळी हसायची. ती हसत नसे. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते कंपनीचा इंजिनियर आला तेव्हा. चांगला हुशार मुलगा, बोलणं सगळं इंग्रजी-हिंदीत घोळलेलं. तो म्हणाला, "मॅडम, सिंपल आहे. मोबाइल नंबर घ्या, नाव घ्या, जन्मतारीख घ्या, सिस्टिम मॅच करून टाकेल." करुणाने त्याला विचारलं, "तुमच्या आईच्या नावावर मोबाइल आहे?" तो म्हणाला, "बाबांच्या." "आणि आईचं लग्नाआधीचं नाव काय?" तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "आडनाव सांगू शकेन... नाव बहुतेक दुसरं होतं." ती म्हणाली, "मग तुमची सिस्टिम तुमच्या आईला ओळखणार कशी?" आता हे आपल्यालाच कळणारं दुखणं आहे. मुलगी बापाचं नाव लावून लहानाची मोठी होते, आजारी पडते, बरी होते, तिचे कागद साठतात. लग्न झालं की मधलं नाव जातं, आडनाव जातं, कित्येक घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही जातं. मोबाइल नवऱ्याचा, पत्ता सासरचा. आणि जन्मतारीख, ती तर गावाकडे शाळेच्या मास्तरांनी ठरवलेली. दवाखान्याच्या लेखी ती मुलगी संपते आणि एक कोरी करकरीत बाई जन्माला येते. म्हणून करुणाचं म्हणणं, नोंदणीच्या खिडकीवर प्रत्येक विवाहित बाईला एक प्रश्न विचारायचा, लग्नाआधीचं नाव काय? आणि त्या नावाचा जुना कागद सापडला की नव्याला जोडायचा.

समितीत कुणालाच ते पटलं नाही. सासवा शेजारी उभ्या असतात, बायकांना आवडणार नाही, वेळ जाईल. करुणा म्हणाली, मी स्वतः खिडकीवर बसून बघते. आणि रक्तपेढीची प्रमुख खरोखर आठवडाभर केसपेपरच्या खिडकीत जाऊन बसली. मी मधल्या सुट्टीत बघायला गेले तर रांग दारापर्यंत आलेली. कारण बायकांना प्रश्न आवडला नाही असं अजिबात नव्हतं, फार आवडला होता. माहेरचं नाव विचारलं की नुसतं नाव सांगून बाई थांबतेय होय? वडील काय करायचे, गाव कुठलं, भाऊ आता तिकडे कसा विचारत नाही, सगळं सांगून व्हायचं. एक म्हातारी नाव सांगून बाजूला झाली, परत आली आणि म्हणाली, "ओ बाई, नीट लिवलं न्हवं? पुन्यांदा सांगू का?" खिडकीवरचे कारकून वैतागले. करुणा मात्र बसमध्ये मला हे सांगताना इतकी खुलली होती की तिला पुलगेटला उतरायचं भान राहिलं नाही, थेट स्वारगेटपर्यंत आली माझ्याबरोबर.

त्या दिवशी स्वारगेटला चहा पिताना तिने मला मंदाबद्दल सांगितलं. मंदा तिची थोरली बहीण. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा, आणि त्या तापाने तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात तिचे उपचार चालायचे, नेमाने इंजेक्शन घ्यावं लागायचं. मग लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्याच दवाखान्यात नाव घातलं, सासरच्या नावाने. तिचं हृदय अधू आहे हे तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं. बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. करुणा तेव्हा शाळेत होती. "नीला, तिचे सगळे कागद त्याच इमारतीत होते गं," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावर. बाबांच्या नावाच्या गठ्ठ्यात." चहावाला कप मागायला आला, दोघींचे कप मी परत केले. तिला हा प्रश्न का हवाय हे मला कळलं, आणि मग पुढच्या बैठकीत मी उपम्याला हात न लावता भांडले.

प्रश्न मंजूर झाला. सगळ्या महाविद्यालयांचे संगणक एकमेकांशी बोलायला लागले, त्यात वर्ष-दीड वर्ष गेलं, आणि त्या काळातल्या गमती लिहायच्या तर दुसरा लेख होईल. पण खरंच उपयोग व्हायला लागला. एका बाईला ऑपरेशनच्या आधी ठरावीक इंजेक्शन द्यायचं होतं, तिच्या माहेरच्या नावाच्या कागदावर होतं की ते तिला सोसत नाही. ते कळल्यावर करुणाने रक्तपेढीत पेढे वाटले. कशाबद्दल विचारलं तर म्हणाली, "मुलगी झाली." लोकांना वाटलं तिच्या भाचीला. त्या वर्षात मी तिला जितकी सुखी बघितली तितकी आधी किंवा नंतर कधी बघितली नाही.

आता जे लिहायचंय ते जिच्याबद्दल आहे तिला विचारून लिहितेय. "लिहा, पण गाव लिहू नका आणि नाव बदला," असं ती म्हणाली. तर तिला वैशाली म्हणू. सोलापूर रस्त्यावरच्या एका गावातली. कॉलेजात असताना तिला टीबी झाला होता, आमच्याच रुग्णालयात औषधं घेऊन पूर्ण बरी झाली. मग लग्न ठरलं. आईवडिलांनी सासरी काही सांगितलं नाही. मुलीचं दुखणं सांगून लग्न मोडायला कोण तयार होतं? लग्नानंतर काही महिन्यांनी साध्या तापाने ती आमच्याकडे आली, बरोबर सासू. खिडकीवरच्या कारकुनाने नियमाप्रमाणे लग्नाआधीचं नाव विचारलं, तिने सांगितलं, संगणकाने जुना कागद जोडला. आणि तो भला माणूस, अगदी काळजीने, पडद्यावरचं वाचून म्हणाला, "ताई, तुमचा टीबीचा कोर्स पुरा झाला होता ना? ताप आहे म्हणून विचारतो." सासू शेजारी उभी. बस, एवढंच झालं. औषध घेऊन दोघी घरी गेल्या, आणि त्याच आठवड्यात वैशाली बॅग घेऊन माहेरी आली. फसवून लग्न केलं म्हणून. ती परत गेलीच नाही. पुढे रीतसर फारकत झाली.

आम्हाला हे कळलं ते तिच्या वडिलांकडून. मी त्या दिवशी काहीतरी कामाने करुणाच्या खोलीत बसले होते. दारात एक माणूस आला, टोपी हातात. ओरडला नाही, काही नाही. म्हणाला, "म्याडम, आमी लपवलं ती आमची चूकच हाय. पन पोरगी बरी झाली हाय आसं तुमीच लिवून दिलं व्हतं. मंग पुन्ना कशापायी काढलं?" करुणा उभी राहिली. त्यांना बसा म्हणाली, ते बसले नाहीत. "आमच्यात पोरीला नव्या नावाबिगर लपायला दुसरी जागा नसती," म्हणाले, आणि गेले. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की अगं चूक त्या कारकुनाची आहे, त्याने मोठ्याने वाचायला नको होतं, त्याला ताकीद देऊ. करुणा म्हणाली, "त्याला काही बोलायचं नाही. तो प्रश्न माझा आहे."

संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. हडपसर आलं, गेलं. मग एकदम म्हणाली, "मंदाचे कागद वेगळे होते म्हणून ती नाही गेली. आईबाबांनी सांगितलं नाही, म्हणून गेली." मी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "दवाखान्यात आई बसून होती गं तिच्या उशाशी. तिला माहीत होतं की सगळं. पण सासू समोर होती, म्हणून बोलली नाही. मी इतकी वर्षं त्या गठ्ठ्यांवर रागावलेय... आईवर रागवता येत नव्हतं म्हणून." असं बोलून ती रडली. चारचौघांत, बसमध्ये, पदर तोंडाला लावून. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. माझ्याकडे रुमाल नव्हता, दवाखान्यातला कापूस होता पिशवीत, तोच दिला.

दुसरी एखादी असती तर प्रश्नच काढून टाकला असता. कंपनीने तर लगेच तयारी दाखवली, रकाना बंद करतो म्हणाले. करुणा म्हणाली, बंद नाही करायचा, जागा बदलायची. खिडकीवर विचारायचं नाही. एक स्वतंत्र खोली, त्यात एक नर्स, आणि बाई एकटी. नवरा, सासू, आई, वडील, सगळे बाहेर. तिला आधी नाव विचारायचं, आणि मग दुसरा प्रश्न विचारायचा, जो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. जुने कागद जोडू का? ती हो म्हणाली तर जोडायचे, आणि तेही फक्त डॉक्टरांना दिसतील असे. नाही म्हणाली तर नाही. इंजिनियर म्हणाला, "मॅडम, मग डेटा इन्कम्प्लीट राहील." करुणा म्हणाली, "राहू दे. आयुष्य तिचं आहे, आपण फक्त सांभाळायला बसलोय."

मला ते पटत नव्हतं. मी तिला एकटीला गाठून विचारलं, अगदी निष्ठुरपणे विचारलं, की मंदाला असं विचारलं असतं आणि ती नको म्हणाली असती तर? करुणा म्हणाली, "तिला एकटीला कुणी काही विचारलंच नाही, नीला. बघायला आले तेव्हा नाही, लग्नात नाही, दवाखान्यात नाही. विचारलं असतं ना, तर सांगितलं असतं तिने. जगायचं होतं तिला."

खोली मिळवायला तिला जितकं झगडावं लागलं तितकं सगळे संगणक जोडायलाही लागलं नव्हतं. सर्व्हरच्या खोलीला वातानुकूलन ताबडतोब मंजूर झालं होतं. पण बायकांशी बोलायला चार भिंती हव्यात म्हटल्यावर प्रशासनाला एकाएकी जागेची टंचाई जाणवू लागली. शेवटी नोंदणीच्या बाजूला मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवायची कोठी होती, ती तिने मागून घेतली. पडदा लावून देतो म्हणाले, ती दारासाठी अडून बसली. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. एकदा अधीक्षक तिला म्हणाले, "ओव्हाळ मॅडम, एवढं काय असतं हो बायकांचं खासगी?" ती म्हणाली, "ते तुम्हाला माहीत नाही, म्हणूनच तर खोली हवी आहे." निवृत्त व्हायच्या आधी ती खोली सुरू झाली. उद्घाटन नाही, पाटी नाही. पाटी लावायची नाही असं तिनेच सांगितलं होतं, पाटी वाचली की सासवा विचारणार, ही खोली कशाला.

आणि वैशाली. करुणा तिच्या घरी गेली तेव्हा वडिलांनी बसवलं, आईने चहा दिला, वैशाली आतून बाहेर आली नाही. करुणा म्हणाली, माझं चुकलं एवढं सांगायला आले होते, आणि परत आली. पुढल्या दिवाळीत पुन्हा गेली. त्याच्या पुढल्या दिवाळीतही. आपला फराळ न्यायची, त्यांचा आणायची. मी एकदा म्हटलं, "अगं, तिला नको असेल तर कशाला जाऊन जखमेवरची खपली काढतेस?" ती म्हणाली, "मला हाकललं तर नाही जाणार." मग एका वर्षी वैशाली स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तुम्ही दर वर्षी कशाला येता?" करुणा म्हणाली, "राग आहे का अजून, ते विचारायला." "आहे." "बरं. पुढच्या वर्षी विचारेन." हे मला सांगताना करुणा हसत होती, आणि तिचे डोळे भरले होते. वैशाली तोपर्यंत एका रोपवाटिकेत कामाला लागली होती, कलमं छान बांधते असं ऐकलं. पुढे तिचं दुसरं लग्न ठरलं. मुलगा बघायला आला तेव्हा तिने त्याला बाजूला घेऊन स्वतःच्या तोंडाने टीबीचं सांगितलं. तो म्हणाला, बरी झालीस ना, मग झालं. लग्नाला करुणा गेली होती, मागच्या रांगेत बसली, जेवली आणि आली. राग गेला का हे त्या वर्षी विचारलंस का, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "लग्नघरात असलं कुणी विचारतं का?"

पुढे विचारायचं राहूनच गेलं.

करुणाच्या शोकसभेनंतर काही आठवड्यांनी मला फोन आला. वैशाली. विलासरावांनी माझा नंबर दिला होता. तिला दिवस गेलेत. नवऱ्याला सगळं माहीत आहे, पण सासूला नाही, आणि आपल्याच रुग्णालयात नाव घालायचं चाललंय, सासू बरोबर येणार. "करुणाबाई म्हणाल्या होत्या, मी येईन तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "आता त्या..." मी म्हटलं, मी येते. फोन ठेवता ठेवता मला राहवलं नाही, मी विचारलं, "राग आहे का गं अजून?" ती म्हणाली, "थोडा आहे. पण त्या गेल्या हे कळल्यावर मी जेवले नाही दोन वेळा."

मंगळवारी आम्ही गेलो. माझे गुडघे कुरकुरतात हल्ली, बसमधून उतरताना सासूबाईंनीच मला हात दिला. प्रेमळ बाई, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, सुनेची पिशवी स्वतःच्या खांद्याला. नोंदणी झाली, आणि नर्सने त्या खोलीच्या दारातून वैशालीला हाक मारली. सासूबाई उठल्या. नर्स म्हणाली, "मावशी, त्यांना एकट्यांना येऊ द्या." मीही उठले होते. इतकी वर्षं त्या आवारात काढली, समितीवर होते, अध्यक्षांची मैत्रीण, मला कोण अडवणार? नर्स नवीन होती, तरुण, तिने मला ओळखलंही नाही. "आजी, तुम्हीपण बाहेर थांबा," म्हणाली. एरवी मी तिला चांगलं ऐकवलं असतं. गुपचूप खाली बसले. वैशालीने एकदा मागे वळून आमच्याकडे बघितलं आणि आत गेली. दार लागलं.

"काय इचारत्यात ओ आत?" सासूबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या जरा वेळ बाकावर हाताने पदर सारखा करत राहिल्या. मग आपल्याशीच म्हणाल्या, "आमच्या टायमाला आसं नव्हतं बया. आमाला कुनी कदी इचारलंच न्हाय." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना काय सांगायचं राहिलं होतं, कुणास ठाऊक. आत वेळ लागत होता. समोर रांगेत पोरं रडत होती, कुणाचा तरी फोन केकाटत होता. मी कान देऊन आतलं ऐकायचा प्रयत्न केला. हो, केला, आमच्या पेठेतली खोड आहे ती, जाणार नाही. एक शब्द ऐकू आला नाही. आत वैशाली काय बोलली, हो म्हणाली की नको म्हणाली, हे मला आजही माहीत नाही, आणि ती बाहेर आल्यावर मी विचारलं नाही. फक्त त्या बाकावर बसल्या बसल्या, सासूबाईंच्या शेजारी, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला हुंदका फुटला... दार चांगलं लावून घेतलंस गं, करुणा.